संततीची ओढ, वैद्यकीय उपचार आणि शरीअतच्या मर्यादा



निकाहाला तीन-चार वर्षे उलटतात, पाळणा हलत नाही आणि घरातील बोलणे हळूहळू बदलू लागते. लग्नसमारंभात, ईदच्या भेटीत, अगदी मय्यतीच्या घरीही तोच प्रश्न विचारला जातो. मग एके दिवशी पती-पत्नी वंध्यत्व उपचार केंद्रात जाण्याचे ठरवतात. त्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वी एका ईमानधारक जोडप्याने काय जाणून घ्यावे, काय विचारावे आणि कोणत्या गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

निःसंतान असणे ही शिक्षा नव्हे

सूरह अश-शूराच्या ४९ व ५० या आयतींमध्ये माणसांच्या चार स्थिती सांगितल्या आहेत: ज्यांना मुली मिळतात, ज्यांना मुलगे मिळतात, ज्यांना दोन्ही मिळतात आणि ज्यांना संतती मिळत नाही. या चारही स्थिती एकाच अल्लाहच्या ज्ञानातून आणि सामर्थ्यातून येतात. चौथ्या स्थितीला तेथे ना पाप म्हटले आहे, ना शाप.

आदरणीय प्रेषित इब्राहीम (अ.) यांना वार्धक्यात संतती लाभली. प्रेषित ज़करिया (अ.) यांची हाडे कमकुवत झाली होती, केस पांढरे झाले होते आणि पत्नीला मूल होत नव्हते, तरीही ते आपल्या पालनकर्त्याला हळू आवाजात साद घालत राहिले, असे सूरह मरयममध्ये आले आहे. अल्लाहच्या इतक्या निकट असलेल्या प्रेषितांनाही प्रतीक्षा करावी लागली. मग आपल्या सुनेच्या किंवा लेकीच्या प्रतीक्षेला दोष म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

आणि श्रद्धावंतांच्या माता ह. आयशा (र.) यांचे उदाहरण आपण क्वचितच सांगतो. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी आपल्यालाही कुन्यत असावी अशी इच्छा व्यक्त केली, तेव्हा आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्यांचे भाचे अब्दुल्लाह बिन जुबैर (र.) यांच्या नावावरून ‘उम्मे अब्दुल्लाह’ म्हणवून घेण्यास सांगितले. ज्या घरावर वह्य उतरत होती, त्या घरात निःसंतान पत्नीला प्रेम मिळाले, मान मिळाला आणि संपूर्ण उम्मतचे मातृत्व मिळाले. तिच्या ज्ञानाचा वारसा आजही जगभर शिकवला जातो.

उपचार घेणे तवक्कुलच्या विरोधात नाही

काही लोक म्हणतात, “नशिबात असेल तर होईल, डॉक्टरकडे कशाला जायचे?” ही समजूत सुन्नतशी जुळत नाही. ग्रामीण अरबांनी उपचार करावेत काय असे विचारले असता, प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य सोडून प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध ठेवले असल्याचे स्पष्ट केले. साधन हाती घेणे आणि निकाल अल्लाहवर सोपवणे, या दोन्ही गोष्टी मिळून तवक्कुल पूर्ण होतो.

याउलट, डॉक्टरांना टाळून भविष्य सांगणाऱ्याकडे, जादूटोणा करणाऱ्याकडे किंवा ‘मूल देणाऱ्या’ भोंदू बाबाकडे जाणे हे ईमानासाठी घातक आहे. भविष्यवेत्त्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज स्वीकारली जात नाही, असा इशारा सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. शिवाय अशा दारांवर वर्षे निघून जातात, आणि या उपचारांमध्ये स्त्रीचे वय हा सर्वांत मौल्यवान घटक असतो. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता वेगाने घटू लागते.

केव्हा जावे?

एक वर्षभर नियमित वैवाहिक संबंध असूनही आणि कोणतेही प्रतिबंधक साधन न वापरताही गर्भधारणा झाली नाही, तर तपासणी करावी. पत्नीचे वय ३५ पेक्षा अधिक असेल तर सहा महिन्यांनंतरच जावे. मासिक पाळी अत्यंत अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पतीला वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली असेल, तर थांबू नये. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे गर्भनलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि पुष्कळदा तो कोणतीही ठळक लक्षणे न दाखवता आत राहतो.

पहिल्या भेटीला दोघांनी जावे

सूरह अल-बकराच्या १८७ व्या आयतीत पती-पत्नींना परस्परांचा पेहराव म्हटले आहे. पेहराव झाकतो, उब देतो आणि शोभा वाढवतो. परंतु आपल्याकडे अनेकदा असे घडते की, पत्नी एकटी किंवा सासूबरोबर दवाखान्यात जाते, तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात, वेदनादायक चाचण्या होतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी कोणीतरी सुचवते की पतीचीही एक तपासणी करून पाहावी. तोवर तिच्यावर ‘वांझ’ हा शिक्का बसलेला असतो. काही घरांत तर दुसऱ्या निकाहाची बोलणीही सुरू झालेली असतात.

वैद्यकशास्त्र सांगते की, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणासह आढळते. पतीची वीर्यतपासणी ही साधी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. मग सर्वांत सोपी तपासणी सर्वांत शेवटी करण्यात कोणता न्याय आहे? पतीने ती नाकारणे ही मर्दानगी नव्हे. तो पत्नीवरील अन्याय आहे, आणि न्यायाच्या दिवशी त्याचा हिशेब द्यावा लागेल.

वीर्याच्या नमुन्यासाठी दोन ते सात दिवसांचा संयम आवश्यक असतो. पत्नीच्या साहाय्याने नमुना घेणे उलमांनी जायज ठरवले आहे, त्यामुळे केंद्रात एकांत खोलीची सोय आहे काय ते विचारावे. प्रयोगशाळा जवळ असल्यास घरी घेतलेला नमुना तासाभराच्या आत, शरीराच्या उबेत ठेवून पोहोचवता येतो. अश्लील चित्रे किंवा चित्रफीत पाहण्याची सूचना झाली तर ती नम्रपणे नाकारावी. एक अहवाल वाईट आला म्हणून खचू नये. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून तपासणी पुन्हा केली जाते. गुटखा, तंबाखू आणि धूम्रपान सोडावे. व्यायामशाळेत शरीर फुगवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती बंद पाडू शकतात. तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

त्या दिवशी काय घडते?

पहिल्या भेटीचा मोठा भाग प्रश्नोत्तरांत जातो. विवाहाला किती वर्षे झाली, पाळी किती दिवसांनी येते, पूर्वी गर्भ राहिला होता काय, गर्भपात झाला होता काय, संबंध किती वेळा येतात, त्यात काही अडचण आहे काय, असे प्रश्न विचारले जातात. लाज ही ईमानाची शाखा आहे, पण उपचारासाठी डॉक्टरांना खरे सांगणे हयाच्या विरुद्ध नाही. अन्सारी स्त्रिया धर्म समजून घेताना लाज आडवी येऊ देत नसत, म्हणून ह. आयशा (र.) यांनी त्यांची प्रशंसा केली होती. हे बोलणे नातेवाइकांसमोर होऊ नये. डॉक्टरांशी बोलताना पती-पत्नी दोघेच असावेत.

जुने अहवाल, शेवटच्या काही पाळ्यांच्या तारखा आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. सामान्यतः पत्नीच्या थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एएमएच या रक्ततपासण्या, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या संप्रेरक चाचण्या, अंडाशयाची सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत काय हे पाहणारी एचएसजी ही क्ष-किरण चाचणी सुचवली जाते. एएमएचचा आकडा स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देतो; तो कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

तपासणीच्या वेळी सतरचा प्रश्न येतो. शक्य असेल तेथे स्त्रीडॉक्टर निवडावी. केंद्रात वेळ घेतानाच तशी मागणी करावी. स्त्रीडॉक्टर उपलब्ध नसेल तर गरजेपुरता पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेता येतो, परंतु पती किंवा एखादी विश्वासू स्त्री सोबत असावी आणि जेवढे आवश्यक तेवढेच शरीर उघडे करावे. गरजेमुळे मिळालेली सवलत गरजेच्या मापानेच वापरावी, हा फिक्हचा नियम येथे लागू होतो.

उपचारांच्या पायऱ्या

पहिल्या भेटीतच मोठा उपचार ठरवण्याची घाई नसावी. अनेकदा थायरॉइडचे औषध, वजनात पाच ते दहा टक्के घट किंवा अंडाशयातून बीज बाहेर पडावे म्हणून दिलेल्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या एवढ्यानेच काम होते.

त्यापुढची पायरी आययूआयची. पतीचे वीर्य प्रयोगशाळेत शुद्ध करून पत्नीच्या गर्भाशयात सोडले जाते. यासाठी किमान एक गर्भनलिका मोकळी असावी लागते.

तिसरी पायरी आयव्हीएफची. पत्नीला साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन अनेक बीजे वाढवली जातात, भूल देऊन ती काढली जातात, पतीच्या शुक्राणूंशी प्रयोगशाळेत त्यांचे मीलन घडवून तयार झालेला भ्रूण तीन ते पाच दिवसांनी गर्भाशयात ठेवला जातो. शुक्राणू फारच कमी असल्यास एकेक शुक्राणू बीजात सोडण्याची इक्सी ही पद्धत वापरतात. या उपचारात अंडाशयाला अतिरिक्त सूज येणे, जुळी-तिळी गर्भधारणा होणे असे धोके असतात. त्यांविषयी आधीच विचारावे.

शरीअत काय म्हणते?

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये आयव्हीएफद्वारे जगातील पहिले बाळ जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले बाळ जन्मले, आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातही असा जन्म झाला. उलमांनीही या प्रश्नाकडे तत्परतेने लक्ष दिले. २३ मार्च १९८० रोजी इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती शेख जादुल हक अली जादुल हक यांनी सविस्तर फतवा दिला. ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने सात पद्धतींचा विचार करून पाच निषिद्ध ठरवल्या आणि गरज असल्यास, पूर्ण खबरदारीसह दोन जायज ठरवल्या.

त्या जायज पद्धती म्हणजे पतीचे शुक्राणू आणि त्याच्याच पत्नीचे बीज यांचे बाहेर मीलन घडवून भ्रूण त्याच पत्नीच्या गर्भाशयात ठेवणे, आणि पतीचे वीर्य त्याच्याच पत्नीच्या शरीरात सोडणे. परक्या पुरुषाचे शुक्राणू, परक्या स्त्रीचे बीज, परक्यांचा भ्रूण किंवा दुसऱ्या स्त्रीचे गर्भाशय, या सर्वांना मनाई आहे. एकाच पुरुषाच्या दोन पत्नींपैकी एकीचे बीज आणि दुसरीचे गर्भाशय यालाही मक्केच्या फिक्ह परिषदेने १९८४ मध्ये दिलेली परवानगी १९८५ मध्ये मागे घेतली, आणि अकादमीने ही पद्धतही निषिद्धांत धरली.

यामागील उद्देश समजून घ्यावा. दुसऱ्याच्या शेतीला आपले पाणी देऊ नये, या आशयाची ताकीद हदीसमध्ये आहे. वंश, वारसा, महरम नाती आणि मुलाचा आपले मूळ जाणण्याचा हक्क, या साऱ्यांचे रक्षण निकाहाच्या चौकटीत होते. त्यामुळे ही चौकट निकाह असेतोवरच असते. पतीच्या मृत्यूनंतर किंवा तलाकनंतर साठवलेले शुक्राणू वा भ्रूण वापरता येत नाहीत. मार्च १९९० मध्ये जेद्दा येथे अकादमीने असेही ठरवले की, आवश्यक तेवढीच बीजे फलित करावीत. काही उरलीच तर ती वैद्यकीय देखभालीविना आपोआप संपू द्यावीत, दुसऱ्या स्त्रीसाठी वापरू नयेत.

आपल्या भागातील काही मुफ्ती पती-पत्नींमधील आयव्हीएफबाबतही अधिक सावधगिरी सुचवतात. नमुन्यांची अदलाबदल आणि सतर हे त्यांच्या चिंतेचे विषय आहेत. म्हणून आपले वैद्यकीय अहवाल घेऊन विश्वासू मुफ्तींना विचारावे.

सही करण्यापूर्वी

भारतात साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ लागू आहे. त्यानुसार केंद्राची नोंदणी आवश्यक असते. आययूआयपुरती केंद्रे पहिल्या स्तरात आणि आयव्हीएफ करणारी दुसऱ्या स्तरात मोडतात. लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत आणि भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी संमती मागे घेता येते. हा कायदा दात्याच्या बीजाला परवानगी देतो, तेव्हा देशाच्या कायद्यात बसते ते सर्व शरीअतमध्ये बसतेच असे नाही. येथेच खरी कसोटी असते. दोन वेळा उपचार अयशस्वी झाल्यावर, पत्नी थकलेली असताना, “दात्याचे बीज घेतले तर शक्यता वाढेल” असे कोणी सांगते. त्या क्षणी विचार करण्याचे त्राण उरत नाही. म्हणून पहिल्या भेटीच्या आधीच, घरी, वुजू करून, दोघांनी शांतपणे बसून पुढील गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात आणि त्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगाव्यात.

१. आमच्या दोघांव्यतिरिक्त कोणाचेही शुक्राणू, बीज किंवा गर्भाशय वापरायचे नाही.

२. नमुन्यांवर नाव लावण्याची आणि ओळख पडताळण्याची पद्धत आम्हाला समजावून सांगावी. शक्य तेथे पती समक्ष हजर राहील.

३. किती बीजे फलित करायची, किती भ्रूण ठेवायचे आणि उरलेल्यांचे काय करायचे, हे आधी लेखी ठरावे. भ्रूण दान करण्याच्या रकान्यात आमचा नकार नोंदवावा.

४. मुलगा की मुलगी, ही निवड आम्हाला नको. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानेही ती गुन्हा ठरवली आहे, आणि जिवंत पुरलेल्या मुलीला तिचा अपराध विचारला जाईल तो दिवस कुरआनने आपल्यासमोर ठेवला आहे.

५. किती वेळा प्रयत्न करायचा आणि किती खर्च करायचा, याची मर्यादा. घर गहाण ठेवून किंवा व्याजाचे कर्ज काढून उपचार करू नये. हराम मार्गाने बरकत शोधता येत नाही.

केंद्राला यशाचे प्रमाण विचारताना ‘गर्भ राहिला’ आणि ‘जिवंत बाळ घरी गेले’ यांतील फरक विचारावा, आणि आपल्या वयाच्या स्त्रियांबाबतचे प्रमाण मागावे. औषधांसह एकूण खर्च लेखी घ्यावा. “आजच ठरवा” असा आग्रह झाला तर घरी यावे, इस्तिखारा करावा आणि दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

इबादतीसंबंधी एक सूचना. नमुना दिल्यानंतर पतीवर गुस्ल आवश्यक असते. केवळ आतील तपासणी किंवा सोनोग्राफीमुळे पत्नीवर गुस्ल आवश्यक होत नाही, असे बहुतेक उलमांचे मत आहे. रोजा असताना अशा तपासणीबाबत मात्र मतभेद आहेत. शक्य असल्यास उपचार रमजाननंतर घ्यावेत, नसल्यास मुफ्तींना विचारून कजा करावी.

उत्तर ‘नाही’ आले तर

सर्व जायज मार्ग संपले, तरी आपले जीवन संपत नाही. अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्याजवळ दोन बोटांप्रमाणे असेल, असा शुभ संदेश प्रेषितांनी (स.) दिला आहे. सूरह अल-अहजाबच्या ४ व ५ व्या आयतींप्रमाणे अशा मुलाला त्याच्या जन्मदात्या पित्याच्या नावानेच ओळखावे. तो रक्ताचा वारस होत नाही. परंतु हयातीत त्याला हिबा करता येते आणि मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्व घेणे हा आपल्या चौकटीच्या अधिक जवळचा मार्ग आहे. दोन वर्षांच्या आतील बाळाला दूध पाजले गेले तर दुधाचे नाते जुळते आणि पुढे पडद्याची अडचण उरत नाही. याविषयीही उलमांचे मार्गदर्शन घ्यावे.

शेवटी घरातील वडीलधाऱ्या मंडळींना एक विनंती. सुनेच्या ताटात जेवण वाढताना तिच्या ओटीचा हिशेब मांडू नका. “काही बातमी?” हा प्रश्न विचारण्यापेक्षा तिच्यासाठी रात्री उठून दुआ करा, फरिश्ते अशा दुआवर आमीन म्हणतात. आणि प्रिय भगिनी, प्रिय बंधू, त्या केंद्राच्या बाकावर बसताना तुम्ही एकमेकांचा पेहराव आहात, हे विसरू नका. अहवाल कोणाच्याही नावावर काळा येवो, तो दोघांचा आहे.

अल्लाहने सर्व प्रतीक्षा करणाऱ्यांना ज़करिया (अ.) यांच्याप्रमाणे नेक संतती द्यावी, ज्यांच्यासाठी त्याने दुसरे काही ठरवले आहे, त्यांना सब्र, परस्परप्रेम आणि परलोकात उत्तम मोबदला द्यावा, आणि आम्हा सर्वांना हलाल मार्गावर ठाम ठेवावे. आमीन.